दळणाची बाजू

मागच्या महिन्यात मी अकरा वर्षांनी पुन्हा कार्बोरंडमच्या, म्हणजे दगड घासायच्या, पावडरीत हात घातला. हातात एका फुटक्या जात्याची ढलपी होती. जातं मामांच्या आईचं. मामा म्हणजे आमच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. या पावसाळ्यात ते गेले.

विभागातून फोन आला की शोकसभा आहे, तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात, दोन शब्द बोला. मी कागद घेऊन बसले. मनमिळाऊ, कष्टाळू, निगर्वी असे शब्द लिहिले. त्यातला एकही खोटा नव्हता, पण ते कुणाच्याही शोकसभेत चालले असते. तेच वाचून दाखवलं आणि खाली येऊन बसले, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मामांनी मला काय दिलं ते सांगायचं तर दगड घासून दाखवायला हवा होता, आणि ते दोन मिनिटांत होत नाही.

दगड घासून म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, बसाल्ट, हातात घेतला तर सगळा काळाच दिसतो. पण त्याचा काप घासत घासत ०.०३ मिलिमीटरइतका पातळ केला की त्यातून उजेड आरपार जातो. केसापेक्षाही पातळ. मग तो ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या उजेडात, ठेवला की आतली खनिजं एकेक करून ओळखता येतात. याला आम्ही नुसतं 'सेक्शन' म्हणतो. दख्खनच्या बसाल्टवर गेल्या शे-दीडशे वर्षांत जे काही लिहिलं गेलं, त्यातलं फार थोडं या कापांशिवाय लिहिलं गेलं असेल. सेक्शन बिघडलं तर त्यावरचा निष्कर्षही बिघडतो. आमच्या विभागात वर्षानुवर्षं ही सेक्शनं मामांनी केली.

मामा १९७९ साली रोजंदारीवर आले ते दगड फोडायला. वडील खाणीवर खडी फोडायचे, त्यामुळे हातोडी लहानपणापासून हातात. सहलीवरून आलेले धोंडे फोडून ताजी चिप काढायची, एवढंच काम होतं. जे गृहस्थ तेव्हा सेक्शन करत, त्यांच्याजवळ उभं राहून मामा बघून बघून शिकले. कायम झाले ते पुढे कितीतरी वर्षांनी. मी २००६ साली पीएचडीला आले तेव्हा विभागातले प्राध्यापकसुद्धा स्लाइड हातात घेऊन आधी मामांना विचारत, "कशी झालीय?"

दहाव्याला मी त्यांच्या गावी गेले. नदीकाठी विधी झाला, प्रवचन झालं, कावळा शिवला, लोक पांगले. घरी परत आल्यावर मामी मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे तुळशीपाशी जात्याची खालची तळी पडली होती, एका बाजूने फुटलेली. मामींनी सांगितलं, "ह्यांच्या आईचं जातं. सारखं म्हणायचे, एवढ्यांचे दगड घासले, आपल्या घरचा राहिला." मुलाने फुटक्या कडेची एक ढलपी काढून माझ्या पिशवीत टाकली. मी मागितली नव्हती. पण ती घेताना आता पुढचं काम कोणतं ते मला कळलं होतं.

आता सेक्शन बहुतेक बाहेरून करून येतात. विभागातही यंत्र आहे, व्हॅक्यूमने स्लाइड धरून ते मायक्रॉनच्या हिशेबाने घासतं. चांगलं यंत्र आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हा दगड त्यात घालायचा नव्हता. मागच्या खोलीतली दगड कापायची जुनी चकती अजून फिरते, असं प्रयोगशाळेतल्या मुलाने सांगितलं. काचांवर धूळ होती. कपाटात पावडरीचे डबे होते, त्यांच्यावर मामांच्या अक्षरात आकडे: २२०, ४००, ६००, १०००. जितका आकडा मोठा, तितकी पावडर बारीक.

कापायच्या आधी मामा एक प्रश्न विचारायचे, "बघायचंय काय?" सुरुवातीला मला हा प्रश्न कळायचा नाही. दगड बघायचाय, दुसरं काय? पण लाव्हा ज्या दिशेने वाहिला त्या दिशेने कापला तर एक दिसतं, आडवा कापला तर दुसरं. पोकळी भरलेली बघायची असेल तर काप तिच्या मध्यातून जायला हवा. प्रश्नाचं उत्तर नसेल तर ते चकती सुरू करत नसत. एकदा एका मुलाला त्यांनी तसंच परत पाठवलं होतं, "सरांना विचारून ये आणि स्वतःलाही विचारून ये."

जात्याच्या ढलपीकडे बघत मी बराच वेळ बसले. तिची एक बाजू सपाट, झिजून गुळगुळीत झालेली, मध्येच टाकीचे खोलगट घाव. ही दळणाची बाजू. नुसता दगड कुठला आहे एवढंच बघायचं असतं तर ती कापून टाकून आतला ताजा भाग घ्यायचा, तसंच आम्हाला शिकवलंय. पण मला तीच बाजू हवी होती. मग त्या पृष्ठभागावर अरल्डाइटचा पातळ थर देऊन एक रात्र ठेवला, म्हणजे घासताना कड ढासळणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पृष्ठभागाला काटकोनात काप घेतला. ही युक्ती मामांचीच. जांभ्यासारखे भुसभुशीत दगड आणि झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेला मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा बसाल्ट, ते असेच आधी घट्ट करून घ्यायचे. नाहीतर घासताना पांढरं सगळं निघून जातं आणि स्लाइडमध्ये नुसती भोकं उरतात.

चकतीखालून लगदा वाहायला लागला. काळसर करडा. आणि मला ती गोष्ट आठवली जी मी शोकसभेत सांगायला हवी होती.

माझं काम जुन्नर-मंचरच्या पट्ट्यात होतं. त्या भागात एक फार देखणा थर आहे, काळ्या दगडात फेल्डस्पार या खनिजाच्या बोटाबोटाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या. पुस्तकात त्याला जायंट प्लॅजिओक्लेज बसाल्ट म्हणतात, प्लॅजिओक्लेज हा फेल्डस्पारचाच एक प्रकार. मामा त्याला 'खोबऱ्याच्या कापांचा दगड' म्हणायचे, आणि नवीन मुलांना हे नाव एकदा ऐकलं की तो थर घाटात शोधायला कधीच अडचण यायची नाही. त्याच्या खालच्या आणि वरच्या थरांचे मी नमुने आणले होते. तिसऱ्या फेरीचे नमुने कापत असताना मामांनी चकती बंद केली आणि मला हाक मारली.

"ताई, हा कुठला म्हणून लिहिलाय?"

"अठरा नंबर. खालच्या ओढ्यातला."

"खालच्या ओढ्यातला नाही हा. त्याचा लगदा हिरवट येतो. तीन कापलेत मी त्याचे. हा वरचा आहे."

मी वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिलं नाही, लगद्यात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं. करडं होतं. मी म्हटलं, मामा, दगड आहे, एकाच थरात थोडा फरक असू शकतो. ते म्हणाले, "असू शकतो. पण तू जाऊन बघ." रविवारी एसटीने गेले. दोन पिशव्यांची अदलाबदल झाली होती, मीच संध्याकाळच्या घाईत केली होती. खालच्या थरात हिरवी माती खनिजांच्या मध्ये भरलेली होती, म्हणून त्याचा लगदा हिरवट. वरच्यात ती नव्हती. त्या एका नमुन्यावर माझ्या प्रबंधातला पूर्ण तक्ता उभा राहणार होता. सोमवारी मी सांगितलं तेव्हा मामांनी फक्त मान हलवली आणि नवीन लेबल चिकटवलं. त्या दिवसापासून मात्र ते मला 'तुम्ही'ऐवजी पक्कं 'तू' म्हणायला लागले. आधी अधूनमधून चुकून म्हणायचे.

चिप तयार झाली की तिचं एक तोंड आरशासारखं करायचं. काचेवर चिमूटभर पावडर, थोडं पाणी, आणि इंग्रजी आठचा आकडा काढत घासत राहायचं, म्हणजे सगळीकडून सारखं झिजतं. पहिल्यांदा करकर आवाज येतो. मग तो मऊ होत जातो. "आवाज गेला की पावडर मेली. नवी घे." माझ्या हाताला हे अजून आठवत होतं याचं मला आश्चर्य वाटलं. डोक्याने मी विसरले होते, किती वेळ घासायचं ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका काचेवरून दुसरीवर जाताना हात धुवायचे. नुसते भिजवायचे नाहीत, नखांतून ब्रश फिरवून धुवायचे. २२० चा एक कण हजारच्या काचेवर आला की शेवटच्या क्षणी स्लाइडवर ओरखडा उठतो आणि दोन दिवसांचं काम जातं. म्हणून मामांच्या तीन काचा आणि तीन पंचे वेगवेगळे. दिवसातून पन्नासदा विचारायचे, "हात धुतले?" कुलगुरू एकदा विभाग बघायला आले आणि कुतूहलाने काचेकडे हात नेला, तेव्हा त्यांनाही मामांनी तितक्याच अदबीने नळ दाखवला होता. कुलगुरूंनी हात धुतले.

त्यांची बोटं. त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. कार्बोरंडम हिऱ्याच्या खालोखालच्या पदार्थांत मोडतो, दगड झिजवतो तशी कातडीही झिजवतो. मामांच्या उजव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, रेषाच नव्हत्या. निवृत्तीच्या आधी शेवटची दोन वर्षं कार्यालयात हजेरीचं यंत्र आलं आणि ते मामांचा अंगठा घेईना. रोज सकाळी ते रांगेत उभे राहायचे, अंगठा पुसायचे, फुंकर मारायचे, पुन्हा ठेवायचे. मागे लोक थांबलेले. शेवटी क्लार्कच्या टेबलावर जाऊन वहीत सही. सदतीस वर्षांत ज्या माणसाचा एक दिवस उशीर नाही, त्याच्या नावापुढे काही महिने अनुपस्थितीची खूण येत राहिली, आणि ती दुरुस्त करून घ्यायला अर्ज त्यांनीच करायचा. मला त्या वेळी फार राग आला होता. आजही येतो. मामा म्हणायचे, "दगडानं खाल्लं, त्याला काय करणार." पुढे पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, तिथेही बोट चालेना. मुलगा सांगत होता, शेवटी डोळ्याचं यंत्र सापडेपर्यंत दोन ठिकाणी हिंडावं लागलं.

चिप काचपट्टीवर चिकटवायची ती कॅनडा बाल्समने. हा एका झाडाचा चीक असतो, तापवून घट्ट करून वापरतात. आता सगळीकडे इपॉक्सी आलंय, पण कपाटात अर्धी बाटली बाल्सम शिल्लक होता. तो किती शिजवायचा हे पुस्तकात नीट सांगता येत नाही. मामा सांगायचे ते असं: तिळाच्या वडीचा पाक बघता ना, तसंच. काडीवर थेंब घ्यायचा, गार करायचा, नख लावायचं. नख रुतलं तर कच्चा, तुकडा उडाला तर करपला. कच्चा असेल तर घासताना दगड सरकतो, करपला तर सुटतो. माझा पहिला थेंब कच्चा निघाला, दुसरा बरोबर. गरम चिप टेकवून काडीने गोल दाबत बुडबुडे कडेकडेला न्यायचे. मामा हे करताना बोलत नसत. कुणी बोललं तर उत्तर देत नसत. बाल्समच्या त्या वासाने मागची खोली भरली आणि मला थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मग खरं घासणं. आधी फिरत्या लोखंडी लॅपवर जाड पावडरीने, दोन-तीन मिलिमीटरचा दगड अगदी कागदाएवढा होईपर्यंत. स्लाइडवर बोटांचा दाब सारखा ठेवायचा, नाहीतर एक कड आधी जाते. मधूनमधून खिडकीकडे धरून बघायचं. बराच वेळ काळंच दिसतं. मग एका क्षणी त्यात धुरकट तपकिरी उजेड येतो. याला मामांचा शब्द होता 'उजाडलं'. पलीकडच्या खोलीतून विचारायचे, "उजाडलं का?" उजाडलं की लॅप बंद. तिथून पुढे हाताने, सहाशे, मग हजार. इथून पुढे दगड इतका थोडा उरलेला असतो की चार हात जास्त पडले तर तो कडेने वाहून जातो आणि काचपट्टी मोकळी. माझ्या पहिल्या वर्षी माझी सलग नऊ सेक्शनं अशी वाहून गेली. दहाव्या वेळी मामांनी त्यांचं बोट माझ्या बोटावर ठेवलं आणि दाब किती ते तसं शिकवलं. दुसऱ्या कुठल्याही रीतीने ते शिकवता आलं असतं असं मला वाटत नाही.

एकदा दुपारी डबा खाताना मी त्यांना इंग्लंडमधल्या हेन्री सॉर्बींबद्दल सांगितलं होतं. शेफील्डच्या या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दगडांचे असे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, १८५८ साली त्यावर मोठा लेख लिहिला, आणि तेव्हाचे काही विद्वान म्हणाले की डोंगर काय भिंगातून बघायचे असतात? मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना घासून कोण देत होतं?"

"स्वतःच घासायचे."

"मग बरोबर," मामा म्हणाले आणि डबा धुवायला उठले.

हा संवाद मला प्रबंध छापून झाल्यावर कधीतरी पुन्हा आठवला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचं नाव लिहिलं होतं, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचं लिहिलं होतं, ज्यांनी एक दिवस गाडी दिली त्यांचंही लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ: विभागातील सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे आभार. त्यात मामा आले, असं तेव्हा मला वाटलं. एकशे बारा सेक्शनं त्यांनी केली होती किंवा माझ्याकडून करून घेतली होती. शिक्षकेतर म्हणजे शिक्षक सोडून जे कुणी ते. पगारपत्रकाला असा शब्द लागत असेल. पण मी तो लिहायला नको होता, कारण त्या इमारतीत मला हाताला धरून ज्यांनी शिकवलं ते तेच होते. मामांना प्रबंधाची प्रत दिली तेव्हा त्यांनी ऋणनिर्देश उघडलाही नाही. फोटोंची पानं काढली आणि एकेका सेक्शनवर बोट ठेवून सांगत गेले, हा कडक होता, हा सुटत होता, हा गोड.

गोड हा शब्द त्यांच्या नोंदवहीतही आहे. कपाटात खालच्या खणात ती सापडली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. क्रमांक, तारीख, दगड कुठला, कुणाचा, आणि शेवटचा रकाना शेरा. शेऱ्यात एकेक शब्द: कडक, सुटतो, भुसा, काच फार, गोड. काच म्हणजे खनिजं न बनता तसाच गोठलेला लाव्हा. जो दगड सगळीकडून सारखा झिजतो, त्रास देत नाही, तो गोड. मी पानं उलटत गेले. ज्यांची नावं आज पाठ्यपुस्तकांत आहेत त्यांच्या नावापुढेही तसाच शेरा, एका शब्दाचा. विभागात आता मी सांगितलंय की ही वही रद्दीत जाता कामा नये, तिची पानं स्कॅन करायचं काम सुरू झालंय. जुन्या स्लाइडींच्या पेट्यांवरचे क्रमांक या वहीशिवाय लागतच नाहीत, हे त्या निमित्ताने सगळ्यांच्या लक्षात आलं.

जात्याचं सेक्शन दुसऱ्या दिवशी दुपारी मायक्रोस्कोपखाली ठेवलं. त्याचे दोन्ही निकॉल, म्हणजे उजेड एका दिशेत आणणाऱ्या चाळण्या, एकमेकांना आडवे केले. प्लॅजिओक्लेजच्या काड्यांना पिवळट झाक होती. पिवळं म्हणजे जाड. बसाल्टमध्ये जाडी मोजायची ती यावरूनच, ०.०३ ला आलं की प्लॅजिओक्लेज करडा-पांढरा दिसतो. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, दिसतंय की सगळं." दिसत होतं. मामांच्या हाताखाली ते चाललं नसतं. पुन्हा हजारची पावडर, पुन्हा आठाचे वीस फेरे, धुतलं, बघितलं. अजून दहा. मग पिवळं गेलं.

दगड आपल्याकडचाच, साधा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. करड्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या, त्यांच्या मध्ये निळ्या-नारिंगी रंगांचा ऑजाइट, काळे लोहखनिजाचे ठिपके, एका कोपऱ्यात गंजल्यासारखा लालसर झालेला ऑलिव्हिन. काच जवळजवळ नाही. खनिजं एकमेकांत घट्ट विणलेली, म्हणून पीठात कच येत नसणार. जातं करणाऱ्या पाथरवटाने हा दगड हातोडीच्या आवाजावरून निवडला असेल. आणि एका कडेला सगळी खनिजं एका रेषेत छाटल्यासारखी संपली होती. मध्ये दोन ठिकाणी ती रेषा आत वळली होती, टाकीचे घाव.

त्याचा मोठा फोटो काढून घेऊन मी परवा पुन्हा गावी गेले. मामींनी तो चष्मा लावून पाहिला. रंग बघून त्यांना आधी ते नक्षीचं कापड वाटलं. मी सांगितलं की हे आपलंच जातं आहे, आतून. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "यात दळणाची बाजू कुठली?"

मी वरची कड दाखवली. मामींनी तिच्यावरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं.